स्पर्श, विटाळ आणि जाहिरात

जाहिरातीचा विचार आपल्या वाङ्मयीन व सामाजिक चर्चेत सहसा होत नाही. कविता, आत्मकथन, नाटक, पाठ्यपुस्तकातले धडे यांची चिकित्सा आपण करतो. परंतु ज्या मजकुरावर सर्वांत अधिक पैसा खर्च होतो आणि जो निरक्षर माणसापर्यंतही चित्राच्या रूपाने पोचतो, त्याच्याकडे 'हा धंद्याचा भाग' म्हणून आपण पाठ फिरवतो. वर्गात मी कधी कधी विद्यार्थ्यांना विचारतो, घामाची लाज तुम्हांला कोणी शिकवली? आईबापांनी, की आणखी कोणी? उत्तर पटकन येत नाही. ज्या घरांत घाम हेच उत्पन्नाचे एकमेव साधन होते, त्या घरांतून आलेली ही मुले आहेत. मीही त्याच घरांतून आलो. घामाची लाज आमच्या घरात पिकलेली नाही. ती बाहेरून आली आहे. ती कोणी तयार केली, कशी तयार केली आणि तिच्यावर नफा कोणी मिळवला, याचा माग काढीत गेले की आपण न्यूयॉर्कमधल्या एका कार्यालयाच्या दाराशी जाऊन पोचतो. त्या कार्यालयाचे नाव जे. वॉल्टर थॉम्पसन कंपनी.

ही जगातल्या सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक. १८६४ साली ती सुरू झाली आणि २०२४ साली तिचे नाव व्यवहारातून गेले. म्हणजे सुमारे १६० वर्षांचा हा इतिहास आहे. तो केवळ साबण आणि पावडरी विकण्याचा इतिहास असता तर या पानांवर त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. परंतु माणसाने स्वतःच्या देहाकडे कोणत्या नजरेने पाहावे, कोणाचा चेहरा कोणत्या भूमिकेत दाखवावा आणि कोणाला छापील पानावर जागा मिळावी, हे ठरवणारी जी एक सत्ता गेल्या शतकात उभी राहिली, तिचा हा इतिहास आहे. आणि देह, चेहरा व जागा हे तिन्ही प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचे आहेत.

जागेचा व्यापार

१८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. काळ्या माणसाला गुलाम म्हणून ठेवायचे की नाही, या प्रश्नावर तो देश रक्तबंबाळ होत होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम जेम्स कार्लटन या गृहस्थाने एक लहानसा धंदा सुरू केला. धार्मिक मासिकांत जी कोरी जागा असे, ती व्यापाऱ्यांना जाहिरातीसाठी विकून द्यायची आणि मधली दलाली घ्यायची, एवढेच त्याचे स्वरूप होते. मजकूर लिहिणे, चित्र काढणे हा त्याचा भाग नव्हता. जमिनीचा दलाल जसा जमिनीचे तुकडे विकतो, तसे हे पानांचे तुकडे विकणे होते.

१८६८ साली या कार्यालयात युद्धातून परतलेला एक तरुण हिशेबनीस म्हणून लागला. त्याचे नाव जेम्स वॉल्टर थॉम्पसन. हिशेबाच्या वह्यांपेक्षा गिऱ्हाईक मिळवण्यात अधिक पैसा आहे हे त्याने ओळखले, आणि १८७७-७८ च्या सुमारास त्याने मालकाकडून तो धंदाच विकत घेतला. धंद्याचे ५०० डॉलर आणि टेबल-खुर्च्यांचे ८०० डॉलर, असा तो सौदा सांगितला जातो. धंद्यापेक्षा लाकडी सामानाची किंमत जास्त! यात नवल नाही. विकायला यांच्यापाशी वस्तू अशी काही नव्हतीच. होती ती फक्त ओळख आणि जागा. पुढे १९१६ साली थॉम्पसनने हीच कंपनी विकली तेव्हा तिची किंमत ५ लाख डॉलर झाली होती, आणि १९८७ साली डब्ल्यूपीपी या ब्रिटिश उद्योगसमूहाने ती घेतली तेव्हा ५६ कोटी ६० लाख डॉलर.

ही वाढ कशी झाली? थॉम्पसनने दोन गोष्टी हेरल्या. पहिली अशी की वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, पण मासिक घरात महिनाभर राहते आणि हातोहात फिरते. दुसरी अशी की घरातली खरेदी बहुतांशी बाईच्या मनाने होते. म्हणून त्याने प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिके आणि स्त्रियांची मासिके गाठली. जाहिरात छापणे हे कमीपणाचे मानणाऱ्या संपादकांचे मन वळवले आणि ३० मासिकांची स्वतःची यादी तयार केली. त्या मासिकांत जाहिरात द्यायची तर थॉम्पसनकडे जावे लागे.

या धंद्याची आर्थिक घडी समजून घेतली पाहिजे. व्यापारी जाहिरातीच्या जागेसाठी शंभर रुपये देई. संस्था त्यांतले पंधरा स्वतःकडे ठेवून पंच्याऐंशी वर्तमानपत्राला देई. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात हा १५ टक्क्यांचा दर रूढ होता. याचे दोन परिणाम झाले. जितका मोठा व्यापारी, तितकी मोठी दलाली. त्यामुळे लहान माणसाची जाहिरात करण्यात संस्थेला स्वारस्य उरले नाही. आणि वर्तमानपत्राचे पोट वाचकाच्या वर्गणीवर चालण्याऐवजी जाहिरातदारावर चालू लागले. ज्याच्यापाशी खरेदीची ऐपत तोच खरा वाचक, बाकीचे गणतीत नाहीत, हा न्याय तेव्हापासून छापील पानाला लागू झाला. ज्या समाजाच्या खिशात पैसा नाही त्याची सुखदुःखे वर्तमानपत्रात का येत नाहीत, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या हिशेबात आहे.

लाजेचा शोध

१९१६ साली कंपनी विकत घेणाऱ्यांत स्टॅन्ली रिझॉर हा प्रमुख होता. परंतु जाहिरातीच्या मजकुराला जिने वळण दिले ती व्यक्ती म्हणजे हेलन लॅन्सडाउन. पुढे १९१७ साली तिचा रिझॉरशी विवाह झाला. ज्या काळात अमेरिकन स्त्रीला देशभर मतदानाचा हक्कही मिळालेला नव्हता, त्या काळात तिने या कंपनीत स्त्रियांचा स्वतंत्र लेखनविभाग उभा केला आणि अनेक शिकलेल्या मुलींना नोकऱ्या दिल्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही ती होती. हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

१९११ साली तिने वुडबरी साबणासाठी एक जाहिरात लिहिली. तोपर्यंत साबणाच्या जाहिरातीत मळ कसा निघतो ते सांगितले जाई. हेलनने मळाचा उल्लेख बाजूला ठेवला आणि 'स्पर्श करावीशी वाटेल अशी कांती' असे वचन दिले. चित्रात एक देखणा तरुण एका तरुणीच्या निकट आलेला आहे. साबण विकण्यासाठी स्पर्शाचे आमिष दाखवण्याची ही गाजलेली सुरुवात होय. आता, ज्याचा स्पर्श कोणालाही हवासा वाटतो अशा देहाचे चित्र एकदा रंगवले, की ज्याचा स्पर्श नकोसा वाटतो अशा देहाचे चित्र आपोआप त्याच्या शेजारी उभे राहते. ते चित्रही याच कंपनीने काढले. त्याला आठ वर्षे लागली.

ओडोरोनो नावाचे घाम थांबवणारे एक औषध होते. सिनसिनाटी गावच्या एका शल्यवैद्याने शस्त्रक्रिया करताना हाताला घाम येऊ नये म्हणून ते तयार केले, आणि त्याच्या मुलीने ते काखेत लावण्यासाठी विकायला काढले. त्याच्या जाहिरातीचे काम थॉम्पसन कंपनीतल्या जेम्स वेब यंग याच्याकडे आले. हा पूर्वी दारोदार बायबल विकणारा माणूस. सुरुवातीला विक्री वाढली, मग थांबली. कंपनीने घरोघर चौकशी केली, तेव्हा असे दिसले की औषधाचे नाव जवळजवळ प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे, सुमारे एक तृतीयांश स्त्रिया ते वापरतात, पण उरलेल्या दोन तृतीयांश स्त्रियांना त्याची गरजच वाटत नाही.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. दोन तृतीयांश स्त्रियांना गरज वाटत नाही, याचा सरळ अर्थ वस्तू त्यांच्या उपयोगाची नाही असा होतो. यंगने वेगळा अर्थ घेतला: गरज नसेल तर ती निर्माण केली पाहिजे. १९१९ साली स्त्रियांच्या एका मोठ्या मासिकात त्याची जाहिरात आली. चित्रात स्त्री-पुरुष जवळ उभे आहेत, आणि मजकुराचा आशय असा की, तुझ्या अंगाला वास येत असेल, तो तुला स्वतःला कळणार नाही, आणि ज्यांना कळतो ते तुला सांगणार नाहीत. सुमारे २०० वाचकांनी चिडून मासिकाची वर्गणी बंद केली. यंगच्या ओळखीच्या काही स्त्रियांनी त्याच्याशी बोलणे सोडले. आणि वर्षभरात औषधाची विक्री ११२ टक्क्यांनी वाढून ४ लाख १७ हजार डॉलरवर गेली. अपमान झाल्याचे ज्यांना वाटले त्यांनीही औषध घेतले असणार, असे म्हणायला जागा आहे.

आपल्या वाचकांना ही युक्ती अपरिचित वाटू नये. तुझ्यात दोष आहे. तो तुला दिसत नाही, इतरांना दिसतो. आणि म्हणून ते तुझ्यापासून दूर राहतात. अस्पृश्यतेचे व्याकरण यापेक्षा निराळे कोठे आहे? फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. वर्णव्यवस्थेने जो विटाळ सांगितला त्याच्यावर उतारा ठेवला नाही; तो जन्माबरोबर येतो आणि साबणाने धुतला जात नाही. जाहिरातीने सांगितलेला विटाळ पैसे दिले की उतरतो, आणि पुढच्या महिन्यात बाटली संपली की पुन्हा चढतो. पहिल्या विटाळात माणसाला कायमचे खाली ठेवण्याची सोय होती; दुसऱ्यात त्याला कायमचे गिऱ्हाईक ठेवण्याची सोय आहे.

म्हणून जाहिरातीतली लाज आणि स्वच्छतेचा आग्रह यांत गल्लत होता कामा नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा, जातीची खूण सांगणारी वस्त्रे व दागिने टाकून देण्याचा उपदेश केला होता. तो उपदेश ताठ मानेने उभे राहण्यासाठी होता. लोक तुम्हांला नाक मुरडतील म्हणून स्वच्छ राहा, असे त्यात नव्हते. तुम्ही कोणापेक्षाही कमी नाही म्हणून तसे राहा, असे होते. एकाच साबणाच्या वडीमागे हे दोन परस्परविरोधी विचार असू शकतात.

१९२० साली कंपनीत जॉन वॉटसन हा नामांकित मानसशास्त्रज्ञ आला. विद्यापीठातली नोकरी खाजगी आयुष्यातल्या वादळामुळे त्याला सोडावी लागली होती. त्याचा प्रसिद्ध प्रयोग असा: एका तान्ह्या मुलासमोर पांढरा उंदीर आणायचा आणि त्याच वेळी मागे लोखंडावर हातोडा आपटायचा. काही दिवसांत मूल नुसत्या उंदरालाही भिऊ लागले. भय हे शिकवता येते, हा त्याचा सिद्धान्त. १९२४ साली तो कंपनीचा उपाध्यक्ष झाला. जाहिरातीचे शास्त्र वॉटसनने घडवले असे काही लोक लिहितात, ते खरे नव्हे. घामाची जाहिरात तो येण्याच्या आधीचीच आहे. परंतु भय शिकवण्याचा प्रयोग करणाऱ्या माणसाला या धंद्याने सन्मानाने वरची खुर्ची द्यावी, यातून धंद्याला आपले मर्म नेमके कळले होते एवढे दिसते. पुढे तीसच्या दशकात कंपनीच्या लंडन शाखेने हॉर्लिक्ससाठी 'रात्रीची उपासमार' नावाचा एक आजारच प्रचारात आणला. झोपेत शरीर उपाशी राहते आणि म्हणून सकाळी थकवा येतो, असा तो आजार. ज्यांच्या पोटात रात्री खरोखरच काही नव्हते, ते अर्थात त्या जाहिरातीचे गिऱ्हाईक नव्हते.

हसरी गुलाम

या कंपनीच्या इतिहासातले एक प्रकरण आपण विशेष बारकाईने वाचले पाहिजे. ते 'आंट जेमायमा'चे होय.

मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावी १८८९ साली दोन गोऱ्या माणसांनी पॅनकेकचे तयार पीठ काढले. पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्याच्या जातीचा गोड पदार्थ. नाव काय द्यावे हा विचार चालू असता त्यांतल्या एकाने एक खेळ पाहिला. त्या काळी गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची नक्कल करीत आणि गोरे प्रेक्षक हसत. त्या खेळातल्या गाण्यात एका काळ्या म्हातारीचे नाव होते. तेच नाव पिठाला दिले. म्हणजे पीठ गोऱ्याचे, नाव नकलेतले, आणि डब्यावर चेहरा मात्र काळ्या स्वयंपाकिणीचा.

पुढच्या मालकाने या नावाला जिवंत देह मिळवला. नॅन्सी ग्रीन ही १८३४ साली केंटकी राज्यात गुलामीत जन्मलेली स्त्री. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती डोक्याला रुमाल बांधून, हसतमुखाने पॅनकेक भाजत उभी राहिली आणि लोकांची रीघ लागली. त्याच प्रदर्शनात फ्रेडरिक डग्लस आणि आयडा वेल्स यांनी एक पुस्तिका वाटली. अमेरिकेतल्या काळ्या माणसाला या प्रदर्शनात स्थान का नाही, हा तिचा विषय. एकाच आवारात हे दोन प्रसंग घडत होते. काळ्या विद्वानाला, संशोधकाला, कारागिराला सन्मानाची जागा नव्हती. काळ्या नोकराणीला होती, आणि तीही हसत राहण्याच्या अटीवर.

१९१९-२० पासून थॉम्पसन कंपनीने या पिठाच्या जाहिरातींची एक मालिकाच काढली. लिहिणारा तोच जेम्स वेब यंग. चित्रे काढणारा एन. सी. वायथ हा नावाजलेला चित्रकार. कर्नल हिग्बी नावाचा एक काल्पनिक मळेवाला, त्याचा ऐसपैस वाडा, पाहुण्यांची ये-जा, आणि सर्वांना तृप्त करणारी इमानी स्वयंपाकीण जेमायमा. युद्ध संपले, गुलामी गेली, तरी तिची निष्ठा ढळली नाही; शेवटी उत्तरेतल्या गिरणीवाल्याने तिला राजी करून तिची पाककृती मिळवली, असे ते कथानक. यांतले काहीही घडलेले नव्हते. चाबूक, लिलाव, आईपासून तोडलेली मुले यांपैकी कशाचाही त्यात मागमूस नव्हता. गुलामगिरी कायद्याने जाऊन अर्धे शतक उलटल्यावर, ती किती सुखाची होती हे सांगणारी कथा घरोघरच्या मासिकांत दिमाखाने छापली गेली. तिने गोऱ्या गृहिणीला सांगितले ते एवढेच: तुझ्या घरी नोकराणी नसेल, तर तिला डब्यातून विकत घे.

यात आपल्याला आपली ओळख पटत नाही काय? 'गावगाडा किती सुरळीत चालला होता, बलुतेदार कसे समाधानी होते, गावचा महार किती इमानी होता' ही वर्णने आपण कोठे वाचली? ती साबण विकण्यासाठी लिहिलेली नव्हती, एवढाच फरक. जो राबतो तो समाधानी होता, असे राबवून घेणाऱ्याने सांगायचे आणि राबणाऱ्याच्या तोंडी हसू रंगवायचे, ही कला जाहिरात संस्थेच्या जन्मापूर्वीची आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन करणाऱ्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले ते उगाच नव्हे. इमानी नोकराच्या चित्राला दोन्हीकडच्या तरुणांनी एकच उत्तर दिले: आमचे चित्र आम्ही काढू.

नॅन्सी ग्रीन १९२३ साली शिकागोत मोटारीच्या अपघातात मेली. तिने जो चेहरा साकार केला त्यावर लक्षावधी डॉलरचा व्यापार चालत राहिला. तिच्या थडग्यावर मात्र २०२० सालापर्यंत नावाचा दगड नव्हता. तो शेवटी स्थानिक इतिहास जपणाऱ्या काळ्या लोकांच्या संस्थेच्या खटपटीने बसला. त्याच वर्षी, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनामुळे मालक कंपनीने जून २०२० मध्ये 'आंट जेमायमा' हे नाव सोडत असल्याचे जाहीर केले, आणि २०२१ पासून ते पीठ दुसऱ्या नावाने विकले जाऊ लागले. जून २०२० मध्येच आपल्याकडे हिंदुस्तान युनिलिव्हरने 'फेअर अँड लव्हली' या १९७५ पासून चालत आलेल्या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढण्याचे ठरवले. ही दोन्ही नावे बाजारात दशकानुदशके सुखाने नांदली. ती बदलली ती रस्त्यावरच्या माणसांमुळे.

मुंबईतले दुकान

आपला या कंपनीशी थेट संबंध आला तो १९२९ साली. १९२७ साली जनरल मोटर्स या मोटार कंपनीशी थॉम्पसनने करार केला, की जेथे जेथे मोटारींचा कारखाना निघेल तेथे तेथे आपण शाखा उघडू. १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना निघाला. मागोमाग १९२९ साली थॉम्पसनची मुंबई शाखा.

त्या वर्षांतली मुंबई आणि महाराष्ट्र आठवून पाहा. १९२७ च्या मार्चमध्ये आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि सवर्णांनी ते तळे शेण-गोमूत्र घालून 'शुद्ध' करून घेतले. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणखात्यात पगार अधिक, पण तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, आणि ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले त्याला मराठा कामगार ओठ लावणार नाही. नोकरी, पगार, पाणी यांची वाटणी जेथे थुंकी आणि स्पर्श यांवर ठरत होती, त्याच शहरात 'स्पर्श करावीशी वाटेल अशी कांती' विकणाऱ्या कंपनीने दुकान थाटले. तिला या प्रश्नाशी काही कर्तव्य नव्हते. तिचा वाचक इंग्रजी जाणणारा, मोटार, मलई, टॉनिक घेऊ शकणारा पांढरपेशा होता. चाळीतला विणकर नव्हे आणि त्या विणकराच्या खात्याबाहेर उभा असलेला माणूस तर नव्हेच.

नटीचा चेहरा देऊन साबण विकण्याची रीत याच कंपनीने विसाच्या दशकात लक्ससाठी हॉलिवूडमध्ये रूढ केली. १९४१ साली लीला चिटणीस ही आपली मराठी नटी भारतातल्या लक्सच्या जाहिरातीत आली. ती रीत आजही मोडलेली नाही. मुंबई शाखेचे पुढे भारतीयीकरण होऊन 'हिंदुस्तान थॉम्पसन असोसिएट्स' हे नाव झाले, आणि दीर्घकाळ ती देशातल्या सर्वांत मोठ्या जाहिरात संस्थांत गणली गेली. मालकी बदलली, साहेबांच्या जागी देशी साहेब आले. परंतु मजकूर इंग्रजीत सुचायचा आणि मराठीत उतरवायचा, ही पद्धत या धंद्यात बराच काळ टिकली. त्यामुळे जाहिरातीतली मराठी बाई आपल्या कोणाच्या घरातल्यासारखी बोलत नाही. तिला सासर आहे, माहेर आहे, पण वस्ती नाही.

जागा कोणाला मिळते

आता पहिल्या मुद्द्याकडे परत येऊ. जाहिरात संस्थेचा मूळ धंदा जागा विकण्याचा. बाजाराचे तत्त्वज्ञान असे सांगते की पैशाला जात नसते. जो पैसे मोजील त्याला जागा मिळेल. हे खरे आहे काय?

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. हे पत्र निघत असल्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली गेली, आणि तिच्यासाठी पैसे देण्याची तयारीही दाखवली गेली. 'केसरी'ने ती छापली नाही. मागणे फुकट नव्हते, अग्रलेखात उल्लेख करा असेही म्हटले नव्हते. रोख पैसे देऊन काही ओळींची जागा मागितली होती. ज्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये घामाच्या औषधाची विक्री दुप्पट झाली, त्याच वर्षाची ही गोष्ट. घामाची लाज छापायला जागा होती. मुक्या माणसाला वाचा फुटल्याची बातमी पैसे देऊनही छापायला जागा नव्हती. पैशाला जात नसते हे विधान आपल्या देशात तपासून घ्यावे लागते ते यासाठी. पुढे 'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेबांना स्वतःच रकानेच्या रकाने लिहून काढावे लागले. आपली नियतकालिके ज्या अल्पायुष्याने मेली, त्याचे कारण लिहिणारे नव्हते हे नव्हे. त्यांच्या वाचकाला बाजारात किंमत नव्हती, हे आहे.

ही स्थिती फारशी बदलली आहे असे म्हणवत नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी केलेल्या पाहणीत भारतीय वृत्तसंस्थांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ सवर्णांकडे आढळल्या. अनुसूचित जाती-जमातींतला एकही नव्हता. राखीव जागांचे घटनात्मक संरक्षण खाजगी संस्थांना लागू नाही, आणि जाहिरात संस्था तर पूर्णपणे खाजगी. थॉम्पसनच्या मायदेशीही चित्र फार उजळ नाही. न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाला २००६ सालीसुद्धा तेथल्या मोठ्या जाहिरात संस्थांकडून काळ्या माणसांना नोकऱ्या देण्याचे लेखी आश्वासन घ्यावे लागले. शतकभर काळ्या बाईच्या चेहऱ्यावर पीठ विकणाऱ्या धंद्याला काळ्या माणसाला लेखणी देण्यासाठी करार करावा लागतो.

थॉम्पसन कंपनीचा शेवट रुबाबदार झाला नाही. २०१८ साली मालक समूहाने तिचे दुसऱ्या एका संस्थेत विलीनीकरण जाहीर केले. २०२३ मध्ये आणखी एक विलीनीकरण ठरले आणि २०२४ च्या आरंभापासून व्हीएमएल हे तीन अक्षरांचे नाव राहिले. त्यात थॉम्पसन नाही. जागा विकण्याचा धंदा आता मुख्यतः गूगल आणि फेसबुक यांच्या हाती गेला आहे. पूर्वी पान मोजून विकले जाई, आता माणूस मोजून विकला जातो. पण १९१९ सालची ती युक्ती जशीच्या तशी आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या हातातल्या फोनवर दिवसातून कितीदा तरी तीच सूचना येते: तुझ्या रंगात, तुझ्या इंग्रजीत, तुझ्या कपड्यांत काहीतरी कमी आहे, लोक तुला सांगणार नाहीत, आम्ही सांगतो.

या मुलांना शहरात खोली शोधताना आडनाव सांगावे लागते. सुगंधी फवारा आणि पांढराशुभ्र शर्ट यांनी तो प्रश्न सुटत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळते. तरी फवारा घेतला जातो, कारण निदान तेवढे तरी आपल्या हातात आहे असे वाटते. त्यांना हसण्याचे कारण नाही. चांगले कपडे, चांगला साबण, चांगली राहणी हा आपला हक्क आहे आणि आपल्या आधीच्या पिढ्यांनी तो मार खाऊन मिळवला आहे. परंतु वस्तू घेताना तिच्याबरोबर लाजही घेतली जात नाही ना, हे पाहण्याची सवय आपण मुलांना लावली पाहिजे. कवितेतला प्रत्येक शब्द आपण विचारून पाहतो, की हा कोणाच्या बाजूने बोलतो? तोच प्रश्न जाहिरातीला विचारायला वर्गाचा एक तास पुरे आहे. पाठ्यक्रमात त्याला जागा नसेल तर ती आपण काढली पाहिजे. जागा कोणी आपण होऊन देत नाही, हे 'मूकनायक'च्या त्या न छापलेल्या जाहिरातीने आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.